देवावर सर्वांपेक्षा अधिक प्रीती करणे म्हणजे नेमके काय?

नगरची लेक

सर्वांना सप्रेम सलाम.

माझा जन्म अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला आणि लग्नानंतर मी पुण्यात आले. ‘तू आपला देव परमेश्वर ह्याच्यावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने व पूर्ण शक्तीने प्रीती कर’ ही आज्ञा मी रविवारच्या शाळेत पाठ केली होती आणि आजही झोपेतून उठवून विचारली तरी ती मला न अडखळता म्हणता येईल. मात्र तिचा अर्थ मी आजवर कोणाला विचारला नव्हता, कारण तो विचारावा लागेल असे मला कधी वाटलेच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. तिची उजवी बाजू गेली, बोलणेही बरेचसे गेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. मी नोकरीवर असते तेव्हा तिच्याजवळ एक मावशी असतात, परंतु रविवारी त्यांची सुट्टी असते. त्यामुळे गेली दोन वर्षे मी उपासनेला क्वचितच जाऊ शकले आहे आणि बुधवारची प्रार्थनासभा तर पूर्णपणे सुटली आहे.

गेल्या महिन्यात मंडळीतील एक ज्येष्ठ भगिनी घरी आल्या होत्या. त्यांनी मायेनेच, पण स्पष्टपणे सांगितले की माझ्या जीवनात आईने देवाची जागा घेतली आहे. मग त्यांनी लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडला आणि जो कोणी आपल्या बापाचा, आईचा, बायकोचा, मुलांचा, इतकेच नव्हे तर स्वतःच्या जिवाचाही द्वेष करीत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही, हे प्रभूचे वचन मला वाचून दाखवले. त्या गेल्यापासून रात्री आईला वळवताना माझ्या मनात येते की मी हे जे करीत आहे ते पाप तर नाही ना.

माझी अडचण प्रामाणिकपणे सांगते. आईवरची माया मला जाणवते, ती माझ्या हातांना ठाऊक आहे. देवाविषयी मला आदर वाटतो, त्याचा आधार वाटतो, आणि अलीकडे पुष्कळदा त्याच्याशी माझी तक्रारही असते. परंतु आईविषयी जसा जीव तुटतो तसा त्याच्याविषयी तुटत नाही. मग मी त्याच्यावर आईपेक्षा कमी प्रीती करते, असेच म्हणावे लागेल का? दिवसातून किती वेळ कोणाचा विचार आला, यावर ही प्रीती मोजायची असते का? जाणकारांनी कृपया सविस्तर उत्तर द्यावे. मला समजूत घालून नको आहे, समजून घ्यायचे आहे.

वसईचा शिक्षक

ताई, सलाम. मी कॅथलिक आहे, निवृत्त शिक्षक आहे आणि आमच्या धर्मग्रामात अनेक वर्षे बायबलचा अभ्यासवर्ग घेत आलो आहे. आपल्या दोघांच्या मंडळींच्या परंपरा वेगळ्या असल्या तरी या वचनाच्या बाबतीत आपल्यात मतभेद होण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रथम ‘द्वेष’ या शब्दाकडे पाहू. लूकने ग्रीकमध्ये लिहिले, परंतु येशू ज्या लोकांशी बोलत होता त्यांची वाणी हिब्रू-अरामी वळणाची होती, आणि त्या वळणात ‘एकावर प्रीती आणि दुसऱ्याचा द्वेष’ ही निवड सांगण्याची रीत आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, एकोणतिसाव्या अध्यायात याकोबाने आपल्या दोन बायकांपैकी लेआपेक्षा राहेलीवर अधिक प्रीती केली असे म्हटले आहे, आणि त्याच्या पुढच्याच वचनात मूळ हिब्रू लेखक लेआ ‘द्वेषिलेली’ होती असा शब्द वापरतो. याकोबाने लेआचा तिरस्कार केला असे तेथे कोठेही दिसत नाही. तिच्यापासून त्याला मुले झाली, तिला त्याने सांभाळले. ती फक्त दुसऱ्या क्रमांकावर होती. मत्तयाने हेच प्रभुवचन दहाव्या अध्यायात नोंदवताना कोणतीही शंका राहू दिलेली नाही: जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. शिवाय ज्या लूकने चौदाव्या अध्यायात ‘द्वेष’ लिहिले, त्यानेच अठराव्या अध्यायात येशूच्या तोंडून ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही आज्ञा नोंदवली आहे. एकाच लेखकाच्या दोन वचनांपैकी एकच उचलून कोणाच्या दारात ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आता ज्या वचनाची आपल्या प्रसंगी खरी गरज आहे त्याकडे येतो. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूशी आणि शास्त्री या त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांवर एक अत्यंत कठोर आरोप करतो. त्या काळी एखाद्याने आपली मालमत्ता ‘कुर्बान’ आहे, म्हणजे देवाला वाहिलेली आहे, असे जाहीर केले की तिच्यातून आईबापांना काही देण्याचे बंधन त्याच्यावर उरत नसे. आपल्या परिचयाचा ‘कुर्बानी’ हा शब्द याच सेमिटिक धातूचा आहे. म्हणजे म्हाताऱ्या आईला द्यायचे ते देवाच्या नावाने बाजूला ठेवायचे आणि वर ती भक्ती म्हणून मिरवायची. येशूने याला भक्ती म्हटले नाही. तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता, असे तो म्हणाला. ताई, ‘आईची सेवा बाजूला ठेवा आणि तो वेळ देवाला द्या’ हा सल्ला कोणत्या शेजारात जाऊन बसतो, हे आपणच पाहावे. त्या भगिनींच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु त्यांनी लूक उघडला त्याऐवजी मार्क उघडायला हवा होता.

आमच्या परंपरेतील एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फारशी सांगितली जात नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्यासमोर हाच प्रश्न अधिक टोकाच्या रूपात आला होता: आईबापांना सोडून मठात जाणे योग्य आहे का? स्वतः थॉमस घरच्यांचा प्रखर विरोध मोडून डोमिनिकन संघात गेले होते, घरच्यांनी त्यांना सुमारे वर्षभर कोंडून ठेवले होते. तेव्हा ते सरसकट ‘सोडून जा’ म्हणतील अशी आपली अपेक्षा असते. परंतु त्यांनी लिहिले ते असे की आईवडील खरोखर गरजेत असतील आणि मुलावाचून त्यांचा सांभाळ होण्यासारखा नसेल, तर त्यांना सोडून संन्यस्त जीवनात प्रवेश करणे योग्य नाही. ज्याने देवासाठी स्वतःचे घर सोडले त्याचे हे मत असल्यामुळे मला ते फार वजनदार वाटते.

व्यवहाराची बाब थोडक्यात सांगतो. कॅथलिक धर्मशिक्षण रविवारच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाणे बंधनकारक मानते, पण त्याच परिच्छेदात आजारपण आणि तान्ह्या बाळांची देखभाल यांसारखी गंभीर कारणे त्या बंधनातून मोकळी करतात, असेही नमूद आहे. आपली मंडळी वेगळी असली तरी सर्वांचा प्रभू एकच आहे, आणि तो याहून कठोर असेल असे मला वाटत नाही.

तिसरी पिढी

वसईच्या सरांनी लिहिलेले सर्व मान्य आहे आणि ताईंनी आईची सेवा सोडावी असे मीही म्हणणार नाही. परंतु ही चर्चा ज्या दिशेने चालली आहे तिच्याबद्दल मला एक काळजी वाटते. ‘द्वेष’ म्हणजे ‘थोडी कमी प्रीती’ एवढेच सांगून आपण थांबलो, तर प्रभूच्या त्या वचनाची धार निघून जाईल, आणि ती धार माझ्या घराने सोसलेली आहे.

माझ्या आजोबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांच्या नावाने स्नान केले, म्हणजे जिवंत मुलगा मेला असे धरले. आजोबांचे वडिलांवर प्रेम नव्हते असे नाही. वडील गेल्याचे त्यांना तीन दिवसांनी परक्या माणसाकडून कळले, आणि त्याविषयी ते म्हातारपणीसुद्धा डोळे कोरडे ठेवून बोलू शकत नसत. त्यांच्यापुढे जी निवड आली ती खरी होती. लूकचे ते वचन ऐकणाऱ्या पहिल्या लोकांपुढेही तशीच निवड होती. त्या अध्यायात येशूच्या मागे मोठा जमाव चालला आहे आणि तो वळून त्यांना सांगतो की बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. म्हणजे त्याला खर्चाबद्दलच बोलायचे आहे.

कार्थेज शहरात सन 203 मध्ये हुतात्मा झालेल्या पर्पेतुआ या तरुणीने तुरुंगात लिहून ठेवलेली टिपणे आजही उपलब्ध आहेत. ती सुमारे बावीस वर्षांची होती आणि तिच्या कडेवर अंगावर पिणारे मूल होते. तिचे वडील पुन्हापुन्हा येऊन विनवीत राहिले की माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहा, आपल्या बाळाकडे पाहा आणि एवढे एक बलिदान रोमी बादशहासाठी कर. तिने नकार दिला. मात्र ही टिपणे वाचताना मला जी गोष्ट सर्वांत अधिक भिडते ती नकाराची नाही. बाळाच्या काळजीने आपण कसे झुरत होतो हे तिने लिहिले आहे, आणि बाळाला जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली तेव्हा तो तुरुंगच आपल्याला राजवाडा वाटू लागला, असेही लिहिले आहे. वडिलांच्या दुःखाने तिला दुःख झाले, तेही तिने लपवले नाही. देवावर सर्वांत अधिक प्रीती करणारी ही स्त्री बापाविषयी आणि मुलाविषयी कोरडी झालेली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की सर्वांत अधिक प्रीती कोणावर आहे हे रोजच्या दिवसांत दिसतही नाही. ज्या दिवशी दोन प्रीती एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी मागतात त्या दिवशी ते उघड होते. ताईंच्या बाबतीत आई त्यांना देवापासून दूर जायला सांगत नाही. तेव्हा येथे कसोटीचा प्रसंगच नाही. परंतु उद्या तो आला तर उत्तर काय असावे, याची तयारी प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ठेवली पाहिजे. देवाने ज्याला आपला पुत्र अर्पण करायला सांगितले त्या अब्राहामाची गोष्ट त्यासाठीच सांगितलेली आहे.

वसईचा शिक्षक

आपल्या आजोबांविषयी वाचून मी बराच वेळ थांबलो. ‘कमी प्रीती’ एवढ्यावरच मी थांबलो होतो, हा आक्षेप मान्य करतो.

अब्राहामाच्या गोष्टीत एक लहानशी जागा आहे, ती येथे जोडतो. उत्पत्तीच्या पहिल्या एकवीस अध्यायांत ‘प्रीती करणे’ हे हिब्रू क्रियापद एकदाही येत नाही. ते पहिल्यांदा येते ते बाविसाव्या अध्यायात, आणि ते उच्चारतो स्वतः देव: तुझा एकुलता एक पुत्र, ज्याच्यावर तू प्रीती करतोस तो इसहाक. पवित्र शास्त्रात प्रीतीचा पहिला उल्लेख बापाच्या मुलावरील प्रीतीचा आहे आणि तो देवाने कोणताही दोष न लावता केलेला आहे. शेवटी सुरीही देवच थांबवतो. मुलगा परत मिळतो, पण तो आता अब्राहामाच्या मालकीचा म्हणून मिळत नाही.

नगरची लेक

आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. कुर्बानचा उतारा मी शंभर वेळा वाचला असेल, पण तो कधी माझ्या घराशी जोडून पाहिला नव्हता.

तरीही माझा दुसरा प्रश्न तसाच राहतो. कसोटीच्या प्रसंगी मी देवाला नाकारणार नाही, असे मला वाटते. परंतु आज्ञा ‘नाकारू नको’ अशी नाही. ती ‘प्रीती कर’ अशी आहे, आणि तीही पूर्ण अंतःकरणाने. जी भावना मनात उमटत नाही ती आज्ञेने कशी आणायची? रात्री तीन वाजता आईचे अंग पुसताना मी प्रार्थना करू पाहते तेव्हा मनात एकच वाक्य असते: तू हे का होऊ दिलेस. याला प्रीती म्हणता येईल का?

निवृत्त पाळक

मुली, सलाम. वयाने मोठा असल्यामुळे असे संबोधतो, राग मानू नये. मी चाळीस वर्षे मंडळीची सेवा केली आणि हा प्रश्न मला अनेकांनी, बहुधा स्मशानातून परत येताना, विचारला आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील ज्या आज्ञेचा प्रभूने उल्लेख केला, तिच्यातील ‘प्रीती’ हा शब्द आजच्या आपल्या ‘प्रेम’ या शब्दापेक्षा वेगळ्या मातीतला आहे. इराकमधील निमरूद येथे 1955 मध्ये काही मृत्तिकापटांचे तुकडे सापडले. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. 672 मध्ये आपल्या मांडलिकांकडून घेतलेल्या शपथा त्यांवर कोरलेल्या आहेत. त्यांत मांडलिकांना बजावले आहे की राजपुत्र अशुरबनिपाल याच्यावर तुम्ही स्वतःवर करता तशी प्रीती करा. राजाला त्यांच्या मनात कोणते कढ येतात याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यांनी दुसऱ्या राजाशी संधान बांधू नये, संकटात त्याच्या बाजूने उभे राहावे, हे त्याला हवे होते. इस्राएल लोकांच्या कानांना ‘देवावर प्रीती कर’ हे वाक्य प्रथम याच अर्थाने पोहोचत असे: त्याच्याशी एकनिष्ठ राहा, दुसऱ्या देवांमागे जाऊ नको. म्हणूनच ही प्रीती आज्ञेने मागता येते. भावना आज्ञेने येत नाही, निष्ठा मात्र रोज सकाळी उठून नव्याने पाळता येते. ‘अंतःकरण’ हा शब्दसुद्धा हिब्रूत मुख्यतः विचार आणि निश्चय यांचे स्थान आहे. हळवेपणाची जागा म्हणून आपण त्याच्याकडे फार नंतर पाहू लागलो.

एवढेच सांगून थांबलो तर मात्र मी अर्धेच सांगितले असे होईल, कारण अश्शूरच्या राजाने आधी कोणावर प्रीती केली नव्हती. त्याच पुस्तकात, सातव्या अध्यायात, परमेश्वर सांगतो की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून मी तुम्हांला निवडले नाही, माझी तुमच्यावर प्रीती होती म्हणून निवडले. नव्या करारात योहान हेच अधिक उघडपणे म्हणतो: पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो. तेव्हा आपली प्रीती हे उत्तर आहे. आणि उत्तर रडत देता येते, भांडत देता येते, गप्प राहूनही देता येते. स्तोत्रसंहितेतील किती स्तोत्रे ‘हे परमेश्वरा, कोठवर’ या प्रश्नाने भरलेली आहेत ते पाहा. ज्याच्यावर प्रीती नाही त्याच्याशी रात्री तीन वाजता कोणी भांडत नाही. तुझे ते वाक्य मी तुझ्या जागी प्रार्थना म्हणूनच धरीन.

आता ‘सर्वांत अधिक’ या शब्दांविषयी. संत ऑगस्टिन यांनी सद्गुणाची व्याख्या ‘प्रीतीचा योग्य क्रम’ अशी केली आहे. क्रम म्हणजे वाटणी नव्हे. आपल्याजवळ शेरभर प्रीती आहे आणि आईला पाऊण शेर दिली तर देवाला पावशेरच उरली, असा हा हिशेब नाही. ऑगस्टिन यांनी हे पुस्तकातून शिकलेले नव्हते. तरुणपणी त्यांचा एक जिवलग मित्र वारला, तेव्हा त्यांना जगणे असह्य झाले होते. पुढे मागे वळून पाहताना त्यांना उमगले की मरणाऱ्या माणसावर आपण तो कधीच मरणार नाही अशा रीतीने प्रीती केली होती, जणू वाळूवर पाणी ओतले होते. त्यांना दोष मैत्रीत दिसला नाही. त्या मित्राने जे कधीच देणे शक्य नव्हते, ते त्यांनी त्याच्याकडे मागितले होते, आणि दोष त्या मागण्यात होता.

यानंतर त्यांच्या आत्मकथनात त्यांच्या आईचे मरण येते, आणि ते तू अवश्य वाचावेस. मोनिका सन 387 मध्ये रोमजवळच्या ओस्तिया या बंदरात वारल्या. आपण आता विश्वासणारे आहोत, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे, तेव्हा रडणे शोभत नाही, असे समजून ऑगस्टिन यांनी दिवसभर अश्रू आवरून धरले. लोकांसमोर ते शांत राहिले आणि आतून मात्र कोंडले गेले. शेवटी एकांतात देवासमोर त्यांनी ते अश्रू वाहू दिले. ज्या आईने माझ्यासाठी इतकी वर्षे अश्रू ढाळले तिच्यासाठी मी तासाचा थोडासा भाग रडलो, यात कोणाला पाप दिसत असेल तर त्याने हसू नये, माझ्या पापांसाठी देवापुढे रडावे, असे त्यांनी लिहून ठेवले. क्रमाचा सिद्धांत ज्याने मांडला तोच हा माणूस. आईसाठीचे अश्रू त्याने देवासमोर ढाळले. मला वाटते, आईवरच्या प्रीतीची जागा तीच आहे.

आता आपल्या नगरशी जवळचे नाते असलेले एक उदाहरण देतो, आणि ते सुखाने देत नाही. कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. आपण हे सहसा एक धैर्याची कथा म्हणून सांगतो आणि ती तशी आहेही. परंतु लक्ष्मीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात ती दुसऱ्या बाजूने सांगितली आहे. नवरा जिवंत असताना त्यांच्या वाट्याला एकाकीपण आले. देवावरील प्रीतीची किंमत टिळकांनी मोजली, पण तिचा मोठा भाग अशा एका स्त्रीला मोजावा लागला जिला कोणी विचारलेही नव्हते. आपण मंडळीत या गोष्टीची साक्ष देतो तेव्हा हे वाक्य गाळतो, आणि ते गाळू नये असे मला मनापासून वाटते. पुढे ती दोघे पुन्हा एकत्र आली तेव्हा लक्ष्मीबाई अजून हिंदूच होत्या, आपला आचार पाळीत होत्या, आणि टिळकांनी त्यांना त्यांच्या रीतीने राहू दिले. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. टिळकांनी ख्रिस्ताला पहिली जागा दिली याचा पुरावा मला त्या पहिल्या वियोगापेक्षा या नंतरच्या वर्षांत अधिक दिसतो. आपल्या विश्वासाची सक्ती त्यांनी पत्नीवर केली नाही, तिची वाट पाहिली.

एकतारी

पाळकसाहेबांनी ‘क्रम म्हणजे वाटणी नव्हे’ असे लिहिले, त्याला जोडून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी आमच्या मंडळीत भजनाला साथ करतो, त्यामुळे हे उदाहरण मला विशेष जवळचे आहे.

डीट्रिख बॉनहॉफर हे जर्मन पाळक हिटलरच्या राजवटीला विरोध केल्यामुळे बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. 20 मे 1944 रोजी त्यांनी तेथून आपल्या मित्राला एक पत्र लिहिले. युरोपीय संगीतात एक मूळ स्वरावली संथपणे चालू असते आणि तिच्या आधाराने इतर सुरावटी स्वतंत्रपणे खेळत असतात. बॉनहॉफर म्हणतात की देवावरील आपली प्रीती त्या मूळ स्वरावलीसारखी असावी. देवाला आपले पूर्ण अंतःकरण हवे आहे, पण त्यामुळे पृथ्वीवरील प्रीती दुबळी व्हावी असे त्याला वाटत नाही. उलट मूळ स्वर पक्का असेल तर बाकीच्या सुरावटी कितीही दूर गेल्या तरी भरकटत नाहीत. हे लिहिणाऱ्या माणसाचा वाङ्निश्चय झालेला होता आणि ज्याला लिहिले त्या मित्राचे नुकतेच लग्न होऊन मूल झाले होते. पुढच्या वर्षी, 9 एप्रिल 1945 रोजी, बॉनहॉफर यांना फाशी देण्यात आले.

आपल्याकडे हे तंबोऱ्यावरून अधिक सहज कळते. गाणारा तंबोरा ऐकवायला बसत नाही. ख्यालभर तंबोऱ्याकडे कोणाचे लक्षही नसते, सर्वांचे लक्ष गाण्याकडे असते. परंतु तो थांबला तर गाणाऱ्याचा षड्ज हळूहळू सरकतो आणि ते त्याला स्वतःला कळतही नाही. ताई, आपण विचारले होते की दिवसातून किती वेळ कोणाचा विचार आला यावर प्रीती मोजावी का. माझ्या समजुतीप्रमाणे मोजू नये. आपले लक्ष आईकडे आहे, आणि ते तिच्याकडेच असायला हवे. मूळ स्वर लागलेला आहे की नाही एवढे अधूनमधून थांबून पाहावे.

तिसरी पिढी

तंबोऱ्याचे उदाहरण मला आवडले, आणि पाळकसाहेबांनी लक्ष्मीबाईंविषयी जे लिहिले त्याने मी अंतर्मुख झालो. माझ्या आजोबांच्या साक्षीत माझ्या पणजीचा उल्लेख कधीच येत नाही. जिने मुलगा गमावला ती तीसुद्धा होती.

तरी ताईंना एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती कठोर वाटली तर क्षमा करावी. मूळ स्वर लागलेला आहे की नाही हे कसे ओळखावे, असा प्रश्न उरतो. माझ्या पत्नीने तिच्या आजारी वडिलांची सेवा सहा वर्षे केली. दुसरे कोणी त्यांना हात लावला तरी तिला चालत नसे. बहीण मदतीला आली तर तिच्या कामात दोष दिसत, मंडळीतून कोणी जेवणाचा डबा आणला तर नको म्हणून सांगितले जाई. ते गेले तेव्हा तिच्याजवळ स्वतःचे असे काहीच उरले नव्हते आणि पुढची दोन वर्षे ती कोणाशी धड बोलत नव्हती. तिने वडिलांवर फार प्रीती केली असे मी म्हणणार नाही, कारण तशी फार प्रीती नसतेच. ती स्वतः आता म्हणते की वडिलांना जगवणे हे देवाचे काम तिने स्वतःच्या खांद्यावर घेतले होते. त्या भगिनींनी आपल्याला जे सांगितले ते चुकीचे होते, परंतु आईला देवाची जागा देण्याचा धोका अगदीच काल्पनिक नाही. उपासना चुकली यावरून तो ओळखता येत नाही. मदत नाकारण्यावरून कदाचित ओळखता येईल.

नगरची लेक

शेवटचे उत्तर वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही, कारण ते माझ्याविषयीच आहे असे वाटले. रविवारी दोन तास आईजवळ बसते, असे माझी चुलत बहीण गेल्या वर्षी तीनदा म्हणाली होती. आईला वळवणे तिला जमणार नाही, या कारणाने मी तिन्ही वेळा नको म्हटले. परवा तिला बोलावून शिकवले. उशी पाठीखाली कशी द्यायची आणि उजवा खांदा कसा धरायचा हे तिला चौथ्या प्रयत्नात जमले. आईने डाव्या हाताने तिचा हात धरून ठेवला.

पाळकसाहेब, एकच विचारायचे राहिले. आईला दोन वर्षांत प्रभुभोजन मिळालेले नाही. तिला घोट गिळणे कठीण जाते, त्यामुळे मी मंडळीत कधी विचारले नाही.

निवृत्त पाळक

अवश्य विचार, मुली, आणि आजच विचार. घरी येऊन प्रभुभोजन देणे हे पाळकांचे नेहमीचे काम आहे, त्यासाठी संकोच करू नये. भाकरीचा अगदी लहान कण द्राक्षरसात भिजवून चमच्याने देता येतो. मी अनेक आजाऱ्यांना तसे दिले आहे. गिळण्याविषयी तिच्या डॉक्टरांना आधी विचारून घे, आणि तिला बसते करून मगच द्यावे, असे पाळकांना सांग. चुलत बहिणीलाही त्या दिवशी बोलाव, म्हणजे तुला आईजवळ बसून ते घेता येईल.